ज्या बेटापाशी जहाज थांबत नव्हतं

“आजींना परत बसवा,” मोरिता-सान म्हणाले. “मशीन चुकलंय.”

मशीन चुकलं नव्हतं. आकडा पाहताक्षणीच मला ते कळलं होतं. पण मी चष्मा पुसत उभा राहिलो. अडचणीच्या वेळी चष्मा पुसत उभं राहणं ही माझ्या नोकरीतली सगळ्यात जुनी कमाई आहे.

काचेपलीकडे खुर्चीवर बसल्या होत्या त्या मेलिनाबाई. वय ऐंशीच्या घरात. अंगात मोठ्या फुलांचा पायघोळ झगा, पायात हॉटेलच्या खोलीतल्या सपाता, त्यांना त्या आवडल्या म्हणून घालूनच आलेल्या. त्या इंग्रजीत ओरडल्या, “पुन्हा बसवताय? मी शिजलेय का बघताय?”

या मशीनला होल बॉडी काउंटर म्हणतात. लोकांना वाटतं त्यातून किरण सोडतात. तसं नाही. मशीन काहीच सोडत नाही, नुसतं ऐकतं. आपल्या शरीरातून जे किरण बाहेर येतात ते मोजतं. थोडे किरण प्रत्येकाच्या अंगातून येतात, अगदी केळं खाल्लं तरी. पण किरणोत्सारी सीझियम नावाचा एक पदार्थ आहे, तो निसर्गात नसतो. तो अणुबॉम्बमधून येतो किंवा अणुभट्टीतून. अन्नातून पोटात जातो आणि काही महिन्यांत शरीर तो बाहेर टाकतं. म्हणजे आज अंगात नेहमीपेक्षा जास्त दिसला, तर माणसाने तो अलीकडेच खाल्लेला असतो.

मेलिनाबाईंच्या अंगात तो दिसत होता. धोक्याइतका नाही, पण स्पष्ट. आणि तो दिसायला नको होता, कारण आमच्या कागदपत्रांप्रमाणे या बाईंचा किरणोत्साराशी आयुष्यात कधीही संबंध आलेला नव्हता. त्याबद्दल पुढच्या आठवड्यात आमची संस्था त्यांना एक मानपत्र देणार होती.

आता थोडं मागचं सांगतो.

प्रशांत महासागरात दोन बेटं आहेत. खरी नावं देत नाही, माणसं अजून तिथे राहतात. एकाला वरचं म्हणू, दुसऱ्याला खालचं. काचेपलीकडे बसलेल्या मेलिनाबाई खालच्या बेटावरच्या. त्या लहान होत्या तेव्हा एका बड्या देशाने त्या समुद्रात बॉम्बच्या चाचण्या केल्या. एकदा वारा फिरला आणि वरच्या बेटावर पांढरी धूळ पडली. पोरं त्यात खेळली. त्या धुळीत किरणोत्सारी आयोडीन होतं. आपल्या गळ्यात थायरॉइड नावाची ग्रंथी असते, ती आयोडीन गोळा करते. बरं कुठलं आणि वाईट कुठलं हे तिला कळत नाही. लहान मुलांची ग्रंथी तर फारच उत्साहाने गोळा करते. त्या आयोडीनचं काम काही आठवड्यांत संपतं, परिणाम मात्र दहा, वीस, चाळीस वर्षांनी दिसतात. काही मुलांची उंची वाढली नाही. कित्येकांना जन्मभर रोज गोळी घ्यावी लागली. गाठी आल्या, त्यांतल्या काही कॅन्सरच्या निघाल्या. वरच्या बेटावर वयस्क बायकांच्या गळ्यावर ऑपरेशनची आडवी खूण इतकी सर्रास दिसते की नवख्या माणसाला ती तिथली गोंदणाची रीत वाटावी.

जपानला हा विषय परका नाही. त्या धुळीत इथलेही मासेमार सापडले होते. म्हणून आमच्या संस्थेने त्या बेटांवरच्या लोकांच्या तब्येतीचा अभ्यास वर्षानुवर्षं चालवला. मी त्यात जीवसांख्यिकीतज्ज्ञ होतो. म्हणजे डॉक्टर तपासतात आणि आम्ही मोजतो. पुण्यात शिकलो, मुंबईत थोडी नोकरी केली, मग इथे आलो आणि इथलाच झालो. आता निवृत्त आहे, टोकियोतल्या एदोगावात मुलगा-सुनेबरोबर राहतो. संस्था अधूनमधून सल्लागार म्हणून बोलावते. सल्लागार म्हणजे ज्याच्यासाठी चहा येतो पण ज्याचं कोणी ऐकत नाही असा माणूस.

अशा अभ्यासात एक कंट्रोल ग्रुप लागतो. धूळ पडलेल्या लोकांत अमुक इतक्या गाठी झाल्या असं नुसतं सांगून भागत नाही. धूळ पडली नसती तर किती झाल्या असत्या, हे कळायला तशाच पण धूळ न पडलेल्या लोकांशी तुलना करावी लागते. खालचं बेट म्हणजे आमचा कंट्रोल ग्रुप. तीच माणसं, तेच मासे, तेच नारळ, फक्त धूळ नाही. कागदावर इतका सुंदर कंट्रोल ग्रुप मी दुसरा पाहिलेला नाही.

या कागदाचा एक परिणाम प्रत्यक्षात होता. दरवर्षी सोनोग्राफीचं मशीन आणि डॉक्टर घेऊन एक जहाज वरच्या बेटावर जातं, सगळ्यांचे गळे तपासतं. वाटेत खालचं बेट लागतं. मोजणीपुरती आमची टीम काही वेळा तिथे उतरली, पण हे जहाज तिथे थांबत नाही. कारण ती माणसं ‘संपर्क न आलेली’.

“आमच्या मुलांना त्या जहाजाचा भोंगा पाठ आहे,” मेलिनाबाईंनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं. “आम्ही हात हलवतो. ते पण हलवतात. फार सभ्य लोक आहेत.”

अभ्यास आता संपत आला होता. पुढच्या आठवड्यात समितीसमोर शेवटचा रिपोर्ट मंजूर व्हायचा होता. जहाज पुढेही चालू राहणार होतं, पण कुठे थांबायचं ते या रिपोर्टवरून कायमचं ठरणार होतं. मंजूर झाला की खालचं बेट कायमचं वगळलं गेलं. त्या समारंभासाठी कंट्रोल ग्रुपच्या प्रतिनिधी म्हणून मेलिनाबाईंना टोकियोला आणलं होतं. बाई आल्या होत्या ते मात्र एकच काम घेऊन. जहाज थांबवायला.

“सेन्सेई,” मोरिता-सान मला बाजूला घेऊन म्हणाले. ते प्रकल्पाचे प्रमुख, पंचावन्न वर्षांचे, एकेकाळचे माझे ज्युनियर, म्हणून मला अजून ‘सेन्सेई’, म्हणजे गुरुजी, म्हणणारे. “कंट्रोल ग्रुपमधल्या बाईंच्या अंगात सीझियम कसं येईल?”

“खाल्लं असेल.”

“पण त्यांनी सांगितलंय, वरच्या बेटावरचं काहीही खात नाही म्हणून.”

“मोरिता-सान, दरवर्षीच्या हेल्थ चेकला तुम्ही बिअर किती म्हणून सांगता?”

ते जरा लाजले. “आठवड्यातून दोन.”

“आणि खरं?”

“सेन्सेई, हेल्थ चेक वेगळं.”

त्यांनी कम्प्युटरवर ‘मशीनचा दोष’ असं टाइप करायला सुरुवात केली. अगदी तेच शब्द, याच बेटाच्या माणसांबद्दल, एकदा मीसुद्धा टाइप केले होते.

माझी इथली सुरुवातीची वर्षं होती. मोजणीसाठी आमची टीम वेगळ्या जहाजावर छोटं काउंटर घेऊन गेली होती. खालच्या बेटावरच्या चार माणसांचे आकडे वर आले. तेव्हाचे माझे साहेब, आता ते नाहीत, म्हणाले, “साठे-सान, कपड्यांवर धूळ असेल.” कपडे आम्ही बदलायला लावले होते, गाउन मीच वाटले होते. पण ते चार आकडे काढले की आलेख असा सुरेख यायचा की भिंतीवर लावावा. त्याच महिन्यात माझं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू व्हायचं होतं, बायको बाळंत व्हायची होती. मी चष्मा पुसला, ‘मशीनचा दोष’ असं टाइप केलं आणि चार आकडे काढून टाकले. कोणी हुकूम केला नव्हता. साहेबांनी फक्त सुचवलं. साहेबांवर ढकलणं मला इतकी वर्षं सोयीचं गेलं, म्हणून हे स्पष्ट लिहितो.

मेलिनाबाई मशीनमधून बाहेर आल्या, झगा झटकला आणि पिशवीतून एक स्टीलचा डबा काढून माझ्या हातात दिला. तो आमचाच होता. त्या टोकियोत उतरल्या त्या दिवशी माझ्या सुनेने, मृण्मयीने, त्यांना हॉटेलवर बेसनाचे लाडू पाठवले होते.

“तुझ्या सुनेला सांग, पिवळे गोळे फार छान होते,” बाई म्हणाल्या. “आणि डबा नीट धर, सांडेल.”

घरी मृण्मयीने डबा उघडला. आत पानात गुंडाळलेल्या तपकिरी वळकट्या.

“अय्या, ही तर फणसपोळी!” ती रत्नागिरीची. तिने तुकडा तोडून तोंडात टाकला. नातीने दोन खाल्ले आणि “ओइशिई!” म्हणून तिसऱ्याला हात घातला. हे जपानी ‘मस्त’. मीही खाल्ली. फणसपोळी आणि खजूर यांच्या मधली चव. त्या बेटांवर आपल्या केवड्याच्या जातीचं एक झाड असतं, त्याच्या फळाचा गर उन्हात वाळवून ही पोळी करतात.

चावता चावता माझा जबडा थांबला.

“थांबा,” मी म्हणालो. “कोणी आणखी खाऊ नका.”

“का? साखर बघायची का तुमची?”

“नाही. सीझियम बघायचं.”

मृण्मयी आयटीत आहे, घाबरत नाही. तिने उरलेली पोळी शांतपणे डब्यात घातली, झाकण लावलं आणि विचारलं, “बाबा, हा डबा आता कुठल्या वारच्या कचऱ्यात जातो?” इथे प्रत्येक प्रकारच्या कचऱ्याचा वार ठरलेला असतो.

मी तिला समजावलं की दोन-चार तुकड्यांनी काहीही होत नाही, वर्षानुवर्षं रोज खाल्लं तर गोष्ट वेगळी. पण नातीने शाळेत जाऊन काय सांगितलं असेल ते मला अजून माहीत नाही. तिच्या बाईंनी फोन करून माझी तब्येत विचारली.

दुसऱ्या दिवशी ती पोळी मी लॅबमधल्या डिटेक्टरखाली ठेवली. सीझियम होतं. इतकं फक्त वरच्या बेटाच्या मातीत सापडतं.

मग हॉटेलखालच्या कोन्बिनीत, म्हणजे तिथल्या छोट्या दुकानात, एका कोपऱ्यात मी आणि मेलिनाबाई बसलो. त्यांनी उकडलेलं अंडं घेतलं, मी कॉफी.

“बाई, ही पोळी कुठली?”

“आमच्याच घरातली.”

“आणि घरात कुठून आली?”

त्यांनी अंडं सोलता सोलता माझ्याकडे तिरकं पाहिलं. “तू पोलीस झालास का?”

“नाही. तेव्हा जहाजावर तुम्हाला गाउन वाटणारा मीच.”

“माहीत आहे. तुला मी विमानतळावरच ओळखलं. तेव्हा तुला केस होते.” त्यांनी अंड्यावर मीठ टाकलं. “वरच्या बेटावर माझी मावशी असायची, आता तिची नातवंडं आहेत. आम्ही त्यांना टोपलीतून मासे पाठवतो. टोपली परत येते. आता टोपली काय रिकामी येणार आहे?”

मी हसलोच. मी सांगलीत एका साध्या चाळीत वाढलो. शेजारच्या काकूंचा डबा आई कधी रिकामा परत देत नसे. काहीच नसलं तर चिमूटभर साखर घालायची. हे मला रक्तात माहीत होतं, आणि तरी आयुष्यभर मी दोन बेटांमध्ये समुद्राचं अंतर मोजत बसलो होतो.

“आणि धूळ पडली तेव्हा?” मी विचारलं.

बाईंनी अंडं खाली ठेवलं. “तेव्हा मावशीकडची होडी दोन दिवसांनी आली. तिकडे काय झालंय ते होडीवाल्यालाही नीट माहीत नव्हतं. टोपलीत पोळी होती, नुकती वाळवलेली. उघड्यावर वाळवतात ना ती. मी आणि रोझाने, माझ्या धाकट्या बहिणीने, होडीतच उघडली. त्या वेळी ती दाताखाली किरकिरत होती. रोझा म्हणाली, मावशी आता आळशी झाली, वाळू नीट झटकत नाही.”

रोझा गळ्याच्या कॅन्सरने गेली. मला ते माहीत होतं. नावाने नव्हे, माझ्या तक्त्यात होती ती. ‘संपर्क न आलेल्या’ लोकांच्या रकान्यात, झालेली एक केस. तिच्या आधाराने मी लिहिलं होतं की हा आजार अशा लोकांतही होतो, तेव्हा सगळाच दोष धुळीला देता येत नाही. तिला त्या धुळीनेच मारलं असं शपथेवर मी आजही सांगू शकणार नाही, एका माणसाबद्दल शास्त्र तसं सांगू शकत नाही. पण तिला चुकीच्या रकान्यात बसवून तिचाच पुरावा उलटा वापरला, हे मी शपथेवर सांगू शकतो. बाईंना ते सांगितलं.

त्यांनी माझ्या कॉफीत स्वतःची साखरेची पुडी ओतली. मला मधुमेह आहे हे त्यांना माहीत नसावं. किंवा असावं.

“मग आता रडतोस की काही करतोस?” त्या म्हणाल्या. “माझ्या भाचीला गळ्यात गाठ लागते हाताला. रोझाची मुलगी. जहाज थांबायला हवं.”

मग आम्ही कामाला लागलो. खालच्या बेटावरचं कुठलं घर वरच्या बेटावरच्या कुणाशी नात्याने बांधलेलं, ते बाईंनी तोंडपाठ सांगितलं, वर कोणाचं कोणाशी पटत नाही आणि म्हणून टोपल्या कधी बंद होत्या तेही. मी ते चार आकडे परत घातले आणि बेट एक न धरता त्याचे दोन भाग केले, नातेवाईक असलेली घरं आणि नसलेली. नातेवाईक असलेल्या घरांत गाठी ठळकपणे जास्त होत्या. नसलेल्या घरांत नव्हत्या. बाहेर काढलेल्या चार माणसांपैकी प्रत्येकाची वरच्या बेटावर बहीण नाहीतर आत्या होती.

मोरिता-सानना दाखवलं. त्यांनी जुना आलेख शेजारी उघडला. मग म्हणाले, “सेन्सेई, तुमच्या त्या जुन्या आलेखावर माझी पीएचडी उभी आहे.”

“पडणार नाही. वाकेल थोडी.”

“समिती पाच दिवसांवर आली. मीटिंगमध्ये एकदम नवी गोष्ट काढता येत नाही. तुम्हाला माहीत आहे.”

माहीत होतं. जपानी ऑफिसात मीटिंगमध्ये काही ठरत नाही. आधीच ठरलेलं असतं, मीटिंगमध्ये फक्त माना हलवायच्या. त्याआधी प्रत्येकाला एकट्याला गाठून राजी करायचं असतं. याला नेमावाशी म्हणतात. झाड हलवण्याआधी मुळांभोवतीची माती सैल करतात तसं. नेमावाशी न करता विषय काढणारा माणूस म्हणजे लग्नात जेवणाआधी हात धुवून बसलेला पाहुणा. सगळे त्याच्याकडे बघतात आणि कोणीही वाढत नाही.

“मग करतो नेमावाशी,” मी म्हणालो. “पाचही जणांना भेटतो.”

मोरिता-सानना बरं वाटलं. म्हातारा रीतीने वागतोय. पण माझी अडचण त्यांच्या लक्षात आली नव्हती. एकेकट्याला सांगितलं असतं तर प्रत्येकजण म्हणाला असता, “फार महत्त्वाचं आहे, यावर नीट विचार व्हायला हवा.” याचा इथे अर्थ नाही असा होतो. म्हणून मी वेगळं ठरवलं.

“मृण्मयी, मला पाच डबे चकल्या हव्यात.”

“बाबा, मीटिंग तुमची आणि तळायचं मी?”

“विज्ञानासाठी.”

“विज्ञानाला म्हणावं भाजणी संपलीये.”

शेवटी तिने तळल्या, मी सोऱ्या फिरवला. आणि तिच्या सेटमधले पाच सारखे स्टीलचे डबे घेऊन मी निघालो. चार सभासद टोकियोत, पाचवे प्राध्यापक उएदा-सान ओसाकाला. त्यांच्यासाठी शिंकान्सेन या बुलेट ट्रेनने जाऊन आलो, घरच्यांना सांगितलं जुने मित्र भेटायचेत.

प्रत्येकाकडे मी गुडघे, हवा आणि नातवंडं यांवर बोललो. रिपोर्टबद्दल अवाक्षर काढलं नाही. समोरचा सभ्यपणे वाट बघायचा, की आता हा विषय काढील. मी निघताना डबा द्यायचो. “सुनेने केल्यात. डबा तेवढा परत हवा हं, तिचा सेट आहे.”

“आणि इतर मंडळींशी बोलणं झालं?” दारात प्रत्येकाने विचारलं.

“सगळ्यांकडे जातोच आहे,” मी म्हणायचो. तेही खोटं नव्हतं.

मीटिंगच्या दिवशी पाचही डबे माझ्या टेबलावर हजर होते. कोणी हातात आणून दिला, कोणी सेक्रेटरीबरोबर पाठवला. मी उघडून बघितले आणि मीटिंग रूममध्ये गेलो.

रिपोर्ट वाचून झाला. माना हलल्या. मेलिनाबाई भिंतीलगत खुर्चीत, मानपत्राची वाट बघत. त्यांना काय चाललंय ते मी आधी सांगितलेलं होतं, त्यामुळे त्या फारच निष्पाप चेहऱ्याने बसल्या होत्या. अध्यक्ष हायाशी-सान म्हणाले, “इतर काही विषय?”

मी उठलो आणि पिशवीतून एकेक डबा काढून टेबलावर ओळीने ठेवला.

पाचही सभासदांनी त्यातला एक आपल्याकडचा हे ओळखलं आणि मग बाकीच्या चार डब्यांकडे पाहिलं. प्रत्येकाच्या मनात काय आलं ते मला स्वच्छ दिसत होतं. म्हणजे म्हाताऱ्याने सगळ्यांची नेमावाशी केलीये. सगळ्यांना विषय माहीत आहे. फक्त मलाच नीट कळलेला नाही, आणि हे आता विचारणार कोण?

“आपल्याला सर्वांना याची कल्पना आहेच,” हायाशी-सान कसनुसं हसत म्हणाले. “तरी साठे-सेन्सेईंनी थोडक्यात सांगावं.”

मोरिता-सान माझ्याकडे कौतुकाने बघत होते.

मी पहिला डबा उघडला. आत तांदळाची बिस्किटं. दुसऱ्यात हिरव्या चहाची पुडी. तिसऱ्यात आंबट उमे, म्हणजे खारवलेली आलुबुखारासारखी फळं. ओसाकाच्या डब्यात लाल बीन्सच्या गोड वड्या, कागदात नीट गुंडाळून.

“मी चकल्या दिल्या,” मी म्हणालो. “तुम्ही कोणीही रिकामा डबा परत पाठवला नाही. का?”

“हे काय विचारणं झालं?” उएदा-सान म्हणाले. “रिकामा कसा पाठवणार?”

“अगदी हेच मी पस्तीस वर्षांपूर्वी विचारायला हवं होतं.”

मग मी पाचवा डबा उघडला. तो रिकामा होता, लख्ख घासलेला. तो ओनो-सान यांचा, हे अकाउंट्समधून निवृत्त झालेले. खरं सांगायचं तर तो रिकामा आलेला बघून मला हायसं वाटलं होतं. सगळे आकडे जुळले की मला हल्ली भीती वाटते. पण ओनो-सानच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी खिसे चाचपले, एक खोकल्याची गोळी सापडली, ती त्यांनी उठून हळूच डब्यात टाकली आणि परत जागेवर जाऊन बसले.

मेलिनाबाई खो खो हसल्या. मग सगळेच.

त्या हसण्यातच मी बाकीचं सांगून टाकलं. टोपल्या, वाळत घातलेली पोळी, दोन दिवसांनी आलेली होडी. आमच्या घरी आलेल्या पोळीतलं सीझियम. नातेवाईक असलेली आणि नसलेली घरं. शेवटी ते चार आकडे. “मशीनमध्ये दोष नव्हता,” मी म्हणालो. “मी ते हाताने काढले. खरे आहेत हे कळत असताना काढले.” हसणं तिथे थांबलं. मी चष्म्याला हात लावला नाही.

हायाशी-सान बाईंकडे वळले. ते मूळचे डॉक्टर, मोजून बोलणारे. “पण आमच्या टीमने दरवेळी विचारलं होतं. वरच्या बेटावरचं अन्न खाता का म्हणून. तुम्ही नाही म्हणालात.”

“तुमच्या टीमबरोबर सरकारी माणूस उभा असायचा,” बाई म्हणाल्या. “तिकडचं खायचं नाही असा त्याचा हुकूम. हो म्हटलं असतं तर त्याने टोपल्या बंद केल्या असत्या. मग मावशीला काय वाटलं असतं? आमचं काही बिनसलंय असं वाटलं असतं ना.” मग हायाशी-सानच्या पायाकडे बोट दाखवून म्हणाल्या, “तुम्ही मघाशी लंगडत आलात. तुमच्या डॉक्टरला तुम्ही सगळं खरं सांगता?”

हायाशी-सानना गाउट आहे. बिअर वर्ज्य आहे. हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं आणि ते बिअर सोडत नाहीत हेही. त्यांनी घसा साफ केला.

“या विषयावर सगळ्यांचं आधीच एकमत झालेलं दिसतं,” ते म्हणाले. पाचही माना हलल्या.

जपानी पद्धतीने बदल बेताचा झाला. रिपोर्टमधलं ‘संपर्क न आलेले’ हे ‘संपर्काची शक्यता असलेले’ असं झालं. तुलनेची सगळी गणितं एका पुरवणीत नव्याने मांडली. मोरिता-सानची पीएचडी वाकली पण राहिली, आणि त्या पुरवणीवर त्यांनी आणखी एक पेपर लिहिला. पण खालच्या बेटाला जहाजाचा थांबा मिळाला. अर्ध्या दिवसाचा.

मानपत्र द्यावं की नाही यावर खल झाला, कारण त्यावर जुनाच मजकूर छापलेला होता. बाईंनी ते हातातून ओढूनच घेतलं. “द्या, फ्रेम चांगली आहे. आमच्याकडे जपानी वाचतो कोण?”

पहिल्या थांब्यात बऱ्याच जणांच्या गळ्यात गाठी सापडल्या. बहुतेक साध्या. रोझाच्या मुलीची साधी नव्हती. पण लहान होती, वेळेत काढता आली. तिला रोज गोळी घ्यावी लागते, आणि बाईंच्या म्हणण्याप्रमाणे आवाज थोडा बसलाय, ते घरच्यांना बरंच वाटतं.

माझं काम मात्र तिथे संपलं नाही. पुरवणीच्या मसुद्यात त्या चार आकड्यांबद्दल लिहिलं होतं, ‘तत्कालीन तांत्रिक मर्यादांमुळे वगळले गेले.’ मी मोरिता-सानकडे गेलो. म्हटलं, ‘साठे यांनी वगळले’ असं लिहा. ते म्हणाले, इतकं उघड लिहिण्याची पद्धत नाही, संस्थेलाही बरं दिसत नाही, आणि तुमच्या वयाच्या माणसाला आम्ही असं कसं लिहू. मी पुन्हा पाच घरी गेलो. या वेळी रीतसर, विषय काढून, मनं वळवायला. चार महिने लागले. माझं नाव छापून आलं तेव्हा त्याच्यापुढे सन्मानाचं ‘सेन्सेई’ लावलेलं होतं, ते काढायला आणखी एक महिना गेला. स्वतःचा दोष स्वतःच्या नावावर करून घ्यायला इतक्या विनवण्या कराव्या लागतील असं मला वाटलं नव्हतं. तो लपवायला एक कळ पुरली होती.

नवीन मुलं आता कधी कधी सल्ला विचारायला येतात. कंट्रोल ग्रुप कसा निवडावा म्हणून. मी त्यांना सांगतो, नकाशा शेवटी बघा. आधी कुणाची मावशी कुठे राहते ते विचारा, आणि विचारताना सोबत सरकारी माणूस नेऊ नका.